राजाबाईच्या मापाचा ओटा

दुधाचा थेंब कपाळावर पडला तेव्हा चंद्रव्वा मान वर करून ओट्याच्या कडाप्प्याची खालची बाजू बघत होती. तिथं सिमेंटचा एक ओघळ वाळून बसला होता आणि त्यात गवंड्याच्या बोटाचा ठसा तसाच राहिला होता. वर, तिला न दिसणाऱ्या जागी, शेगडीवर दूध तापत होतं आणि भोवती सगळ्यांचे पाय होते. भाऊ तिप्पण्णाचे भेगाळलेले, टेम्पोच्या फाळक्यात सापडून अंगठ्याचं नख काळं पडलेले. भाचा मल्हारचे पांढऱ्या मोज्यांतले, सारखी चुळबुळ करणारे. भावजय राजाबाईचे रुंद, जोडवी रुतलेले. माणसांच्या तोंडांपेक्षा चंद्रव्वाला त्यांच्या टाचांची ओळख जास्त. लहानपणी तापात दोन्ही पाय गेले, तेव्हापासून ती तळहात टेकून जमिनीवरून सरकत आली होती आणि जग तिला बहुतेक गुडघ्यांपर्यंतच दिसत आलं होतं. "आलं, आलं," तिप्पण्णा म्हणाला. सगळ्या टाचा उचलल्या गेल्या. मग एकदम गलका झाला, "गेलं उतू! उगवतीकडंच गेलं!" नव्या घरात दूध उतू जाण्याचा शुभ क्षण असा वरच्या वर होऊन गेला. कडाप्प्याच्या कडेवरून एक धार खाली आली, नव्या फरशीवर टपटपली आणि तिच्यातला एक थेंब घरमालकिणीच्या कपाळावर पडला.

"भाजलं का वो वन्सं?" राजाबाईनं कमरेत वाकून विचारलं.

"न्हाय. कोमट हुतं."

खरं तर चांगलंच पोळलं होतं. पण पोळल्यापेक्षा दुसरंच काहीतरी तिला लागलं होतं आणि त्याला काय म्हणायचं ते तिला कळेना. घर तिच्या नावाचं. दाराशी पायरीऐवजी उतार होता तो तिच्यासाठी, न्हाणीत भिंतीला बसवलेली दांडी तिच्यासाठी, खटके हाताला येतील इतके खाली घेतले होते तेही तिच्यासाठी. आणि घरातलं पहिलं दूध उतू गेलेलं तिला सोडून सगळ्यांनी पाहिलं होतं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. तिनं थेंब पुसला नाही. तो भुवईपर्यंत ओघळला आणि वाळायला लागला. मार्चअखेरचं ऊन पत्र्याच्या दारावर आदळत होतं, खोलीत चुन्याचा आणि जळक्या दुधाचा वास कोंडला होता, आणि इतक्या माणसांच्या पायांत बसून तिला फार एकटं वाटलं.

घर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि न्हाणी. सोलापूर शहराच्या बाहेर माळावर अशा बैठ्या घरांची एक ओळ उठली होती. दिव्यांगांसाठी म्हणून सरकारदरबारी जो पैसा वेगळा ठेवतात त्यातून ती बांधलेली. ज्यांना घरं मिळाली त्यांतल्या निम्म्यांनी कुलपं लावून टाकली होती आणि उरलेल्यांतल्या काहींनी भाडेकरू ठेवले होते. कोपऱ्यावरच्या घरात पोलीस भरतीचा सराव करणारी तीन धडधाकट पोरं राहत होती आणि व्हीलचेअरसाठी केलेल्या उतारावर रोज सकाळी धावून दम काढत होती. घर मिळालं तेव्हा शुक्रवार पेठेतल्या बायका चंद्रव्वाला म्हणाल्या, नशीब काढलंस. तिला ते पटलं नव्हतं आणि खोटंही वाटलं नव्हतं. तिच्या नशिबाचं काय करायचं ते तिप्पण्णाच्या घरात ठरत आलं होतं, तसंच याही वेळी ठरलं. मल्हारचं मेमध्ये लग्न होतं, पूनम नावाच्या मुलीशी. शुक्रवार पेठेतल्या दोन भाड्याच्या खोल्यांत नवं जोडपं मावणार कुठं? तेव्हा मल्हार आणि पूनम इथं राहतील, आत्या त्यांच्याजवळ राहील, कागदावर सगळं बरोबर दिसेल. नियमात लाभार्थी आणि सोबतीला एक माणूस असं होतं. मल्हार म्हणाला, डोकी मोजायला कोण येतंय? आत्यानं मान हलवली होती. मान हलवायची तिला सवयच होती, आणि त्यात तिला दुःखही होत नसे. निदान आजवर होत नव्हतं.

राजाबाई वर भांडी मांडत होती. आज पहिला स्वयंपाक इथंच करायचा म्हणून तिनं पीठ, वांगी, तेल, तवा, परात, छोटा सिलिंडर असलेली शेगडी असं सगळं टेम्पोत घालून आणलं होतं. "ये बया," ती स्वतःशीच म्हणाली, "कसला झाक ओटा हाय ह्यो. पाठ वाकवायला लागंना की." तिचा हात कडाप्प्यावरून फिरल्याचा आवाज चंद्रव्वाला खाली ऐकू आला. राजाबाई उंच बाई. शुक्रवार पेठेतला ओटा तिथल्या घरमालकिणीच्या मापाचा, आणि घरमालकीण ठेंगणी. लग्न होऊन आल्यापासून राजाबाई त्या ओट्यापुढं वाकून उभी होती, संध्याकाळी कमरेला दुपट्टा आवळून पडत होती, आणि चंद्रव्वा तिच्या पोटऱ्यांच्या ताणलेल्या शिरा बघत लसूण सोलत होती. हा ओटा तिला बरोबर बसणारच होता. चंद्रव्वानंच तो तिच्या मापानं करून घेतला होता.

तो दिवस आता तिच्यापुढं पुन्हा उभा राहिला. सात रस्त्याजवळच्या कार्यालयात सगळ्या लाभार्थींना बोलावलं होतं. तिप्पण्णा झेरॉक्स काढायला गेला होता, राजाबाई दाराशी वाऱ्याला उभी होती. ऋतुजा मॅडम म्हणून एक तरुण इंजिनियर बाई होती. ती टेबलामागून उठली, टेप घेऊन आली आणि चंद्रव्वापुढं सरळ जमिनीवर उकिडवी बसली. मोठ्या माणसाचं तोंड इतक्या जवळ, आपल्या तोंडासमोर, चंद्रव्वाला कधी येत नसे. त्या बाईच्या नाकावर घामाचे बारीक थेंब होते आणि एका कानात डूल होतं, दुसऱ्या कानातलं बहुधा पडलेलं होतं. चंद्रव्वा ते बघतच राहिली. बाई विचारत गेली, दांडी किती उंचीवर पाहिजे, नळ कुठं पाहिजे, कडी कुठं. चंद्रव्वा हात उचलून दाखवत गेली, हितं, हितं, अजून वाईच खाली. कधी नव्हे ती ऐट तिच्या हातात आली होती. मग बाई म्हणाली, "आणि ओटा? ओटा किती उंच घ्यायचा, मावशी?"

ओटा म्हटल्याबरोबर तिच्या डोळ्यांपुढं राजाबाईची वाकलेली पाठ आली. ओट्यापुढं आपण असू हे तिच्या मनालाही शिवलं नाही. तिनं दाराकडं हाक मारली, "राजा, हिकडं ये गं. बाई, हिच्या कमरेला टेप लावा."

"पण घरात राहणार तुम्ही ना?"

"ऱ्हाणार की. सैपाक हीच करती आमच्यात."

बाई घुटमळली, पुन्हा विचारलं. चंद्रव्वानं पुन्हा तेच सांगितलं, आणि वर हसली. राजाबाई लाजून उभी राहिली, कुणीतरी तिचं माप घेत होतं म्हणून. त्या दिवशी घरी जाताना चंद्रव्वा मनातून खूश होती. जन्मभर हिच्या हातचं खाल्लं, एक काहीतरी तिला देता आलं, असं तिला वाटत होतं. आणि ते खोटं नव्हतं. आज राजाबाईचा हात कडाप्प्यावरून फिरताना ऐकूनही तिला बरं वाटलं होतं, थेंब पडून गेल्यावरही.

आता मात्र तिला लहानपणीचं, मैंदर्गीचं घर आठवायला लागलं, आणि ते आठवणं थांबेना. तिथं ओटा नव्हताच. चूल जमिनीला. अव्वा, म्हणजे तिची आई गौरम्मा, चुलीपुढं बसायची आणि शेजारी चंद्रव्वा. बसलेल्या दोन बायकांत कुणाचे पाय चालतात आणि कुणाचे नाहीत हे दिसत नसे. अव्वानं तिला भाकरी शिकवली ती बोलून नाही. लेकीचे तळहात सरकून सरकून जाड झालेले, त्यांना आच लागायची नाही, आणि खांद्यांत बैलासारखं बळ. त्या हातांखाली भाकरी परातीत गरागरा फिरायची. आप्पा, म्हणजे वडील बिरप्पा, मेंढरं घेऊन महिनोन्महिने बाहेर असायचे. कळप परत आला की त्यांच्याबरोबर चार घरचे मेंढके यायचे, अंगाला लोकरीचा आणि धुळीचा वास, आणि सगळे चुलीभोवती कोंडाळं करून बसायचे. तिला उठून कुणाकडं जाता येत नसे, म्हणून सगळं घर तिच्याकडं येऊन बसायचं. एक भाकरी तव्यावर, एक विस्तवाला उभी, एक हातात. "चंद्री, बा इल्ली," आप्पा चेष्टेनं म्हणायचे, इकडं ये, आणि ती म्हणायची, तुमीच या की. मग ते खरंच घोंगडी ओढून तिच्या जवळ यायचे. तेव्हा ती अपंग नव्हती असं नाही. पण त्या वेळी ती घरातली भाकरी करणारी होती, आणि ते आधी होतं.

आप्पा गेले, मेंढरं विकली, तिप्पण्णानं सोलापुरात टेम्पो घेतला. शुक्रवार पेठेत आल्यावर पहिल्याच दिवशी शेगडी ओट्यावर गेली आणि चंद्रव्वा खाली राहिली. त्यात कुणाचा दोष काढणार? राजाबाई प्रेमानं म्हणाली होती, "वन्सं, तुमी लई केलंसा. आता बसून खावा." त्या दिवसापासून ती बसून खात होती. ज्वारी निवडायची, लसूण सोलायचा, शेंगा फोडायच्या. डोक्यावर कुठंतरी राजाबाईच्या भाकरीची थापणी चालायची आणि चंद्रव्वाला ऐकूनच कळायचं की पाणी थंड घातलंय, भाकरी कडेला चिरणार. ताटात भाकरी चिरलेलीच यायची. तिनं कधी ब्र काढला नाही. आयतं खाणाऱ्यानं नावं ठेवू नयेत एवढं तिला कळत होतं. हळूहळू घरातलं तिचं बसणंही सरकत गेलं, स्वयंपाकघरातून मधल्या दाराशी, दारातून पलंगाखालच्या मोकळ्या जागेशेजारी. लोक तिला ओलांडून जायचे. ओलांडताना "सरका वाईच" म्हणायचे, तेही पुढंपुढं म्हणेनासे झाले. आणि एवढ्या सगळ्या वर्षांत आपल्याला शेगडी पाहिजे असं तिला एकदाही वाटलं नव्हतं, याचंच तिला आत्ता, त्या कडाप्प्याखाली बसून, नवल वाटत होतं. वाटलं नव्हतं की वाटलेलं तिनं गिळलं होतं? तिला ठरवता येईना.

बाहेर स्कूटर थांबली. ऋतुजा मॅडम आत आली, मागं जोतिराम गवंडी हातात थापी घेऊन. उन्हानं बाईचं तोंड लालबुंद झालं होतं. आज वर्षअखेर, ती घाईघाईनं सांगत होती, आज संध्याकाळपर्यंत ज्या घरात जो बदल पाहिजे तो जोतिराम करून देईल. उद्यापासून निधी बंद, मग विटेला वीट लावायलाही पैसा मिळणार नाही. फोटो काढायचा आणि काम पूर्ण झाल्याचं लिहायचं. "तर काही बदल?"

"काय न्हाय मॅडम," तिप्पण्णा म्हणाला, "एकदम झकास हाय. तुमी फोटू काढा."

"ओटा तर लईच भारी," राजाबाई म्हणाली.

मल्हार मोबाइलवर पूनमला खोली दाखवत होता. त्यानं मोबाइल ओट्यावरून, खिडकीवरून, छतावरून फिरवला. खाली वळवला नाही. "आनि आत्या कुटं ऱ्हाणार?" मोबाइलमधून त्या मुलीचा आवाज आला, चांगल्या मनाचा, काळजीचा. "हितंच की, सैपाकघरात," मल्हार म्हणाला, "तिला किती जागा लागती?"

चंद्रव्वाला राग आला नाही. तिला भीती वाटली. पुढची सगळी वर्षं तिला स्वच्छ दिसली: हाच कडाप्पा डोक्यावर, पूनमच्या टाचा, पूनमच्या पोरांच्या टाचा, वरून पडणारी सालं. मॅडम लिहायला ओट्यावर कागद ठेवायच्या बेतात होती. संध्याकाळपर्यंत, ती म्हणाली होती. आत्ता गप्प बसलं की झालं, आणि गप्प बसण्यात चंद्रव्वाचा हात कुणी धरला नसता.

"बाई," ती म्हणाली, "त्यो ओटा पाडा."

कुणाला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं. मग सगळे पाय तिच्याकडं वळले.

"का वो वन्सं?" राजाबाई म्हणाली. "चांगला हाय की."

"मला पोचत न्हाय."

"तुमाला कशाला पोचाय पायजे? मी हाय, पूनम येतीया."

"मी हितं एकटी ऱ्हाईन म्हणते."

बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण हे बोललो. तोवर ते तिच्या मनातही पुरतं आलेलं नव्हतं. तिप्पण्णा हसला, मग हसायचा थांबला आणि तिच्यापुढं खाली बसला. किती वर्षांनी तो असा तिच्यासमोर बसला होता. त्याच्या डोक्यावरचे केस विरळ झालेले तिनं आज पाहिले.

"आक्का, डोकं फिरलं का तुझं? ह्या माळावर एकटी? न्हाणीत पडलीस तर कोन हाय?"

"पडायला आदी हुबं ऱ्हावं लागतंय, तिप्पा. मी खालीच हाय की."

जोतिराम गवंड्याला हसू आलं, त्यानं तोंड फिरवलं. तिप्पण्णा हसला नाही. "लोक काय म्हणतील? बहिणीला माळावर टाकली म्हणतील."

"म्हणू दे."

"आमी काय कमी केलं का तुला?"

काहीच कमी केलं नव्हतं. दुखण्याखुपण्यात केलं, सणाला लुगडं घेतलं, जत्रेला उचलून टेम्पोत बसवलं. तिला त्याच्या मांडीवर हात ठेवावासा वाटला आणि ठेवला तर आपण मागं फिरू अशीही धास्ती वाटली. तिनं हात फरशीवरच ठेवला. मल्हार दारातून म्हणाला, "मंजी माझं लगीन ठरल्यावर हे सुचलं तुला? तवा नव्हतं सुचत?" आणि बूट न बांधताच बाहेर गेला. त्याचंही खोटं नव्हतं. मल्हारला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तो उभा राहायला शिकला तो तिचे खांदे धरून.

राजाबाई ओट्याकडं वळली. तिनं पदरानं कडाप्प्यावरचं दूध पुसलं, एकदा, पुन्हा एकदा, डाग गेल्यावरही पुसत राहिली. "माप माजं घेतलं," ती म्हणाली, "तवा का बोलला न्हाईसा?"

"चुकलं माजं. मला तवा मी दिसलेच न्हाय, राजा. तूच दिसलीस."

राजाबाईच्या पायांची बोटं आत वळली. आता ही भांडेल, चंद्रव्वाला वाटलं, आणि भांडली तर बरं होईल असंही वाटलं. पण राजाबाईनं शेगडी उचलली, सिलिंडरसकट, आणि खाली फरशीवर चंद्रव्वापुढं ठेवली. जरा आपटूनच ठेवली. मग परात, मग तवा, मग पिठाचा डबा. एकेक वस्तू खाली येत गेली. रागानं ठेवत होती की मायेनं, हे तिच्या हातांवरून कळत नव्हतं, आणि तोंड चंद्रव्वाला उजेडाविरुद्ध दिसत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "पानी कडत घालायचं असतंय व्हय भाकरीला? कदी सांगितलं न्हाईसा." आणि दाराबाहेर पडून टेम्पोत जाऊन बसली.

म्हणजे भाकरी चिरणार हे आपल्याला खाली बसून कळतं, ते तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं खाली बसलेल्या नणंदेच्या गप्प बसण्यातून राजाबाई आपल्या भाकरीची परीक्षा ऐकत आली होती. चंद्रव्वाला शरम वाटली. तिला वाटलं होतं, वरच्यांना खालचं काही दिसत नाही.

जोतिरामनं कडाप्पा सैल केला, मग त्यानं आणि तिप्पण्णानं मिळून तो उचलून भिंतीला टेकवला. मग हातोडा बसायला लागला. विटा फुटत होत्या, धूळ उठत होती, आणि त्या आवाजात तिप्पण्णा जाताना काय म्हणाला ते तिला अर्धंच कळलं. "चार दिसांत बोलावशील," असं काहीसं. टेम्पो चालू झाला, वळला, माळावरून गेला. ती खिडकीकडं बघत होती, पण खिडकीतून तिला आभाळच दिसत होतं.

"बोला मावशी," जोतिराम म्हणाला, "किती उंच घेऊ?"

ऋतुजा मॅडम पुन्हा टेप घेऊन उकिडवी बसली. चंद्रव्वानं भाकरी थापायला हात धरावेत तसे धरून पाहिले. कोपर वाकले, तळवे खाली आले, आणखी खाली, थेट फरशीला टेकले. तिचं ते माप होतं. "ओटा नकोच," ती म्हणाली. "मला जमीन पुरती."

मॅडमनं कपाळाला हात लावला. "मावशी, ओटा दाखवावाच लागतो. फोटोत ओटा नसला तर घर पूर्ण धरत नाहीत, सगळंच अडकेल." दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि मग दोघींनाही हसू फुटलं. जोतिरामनं तोडगा काढला. खाली आडव्या विटांचा एकच थर, त्यावर कडाप्पा. ओटा म्हटला तर ओटा, पाट म्हटला तर पाट. लेव्हल ट्यूब लावून त्यानं तो मोठ्या झोकात बसवला आणि म्हणाला की उभ्या जन्मात एवढं बुटकं काम केलं नव्हतं. फोटोसाठी मॅडम आधी उभी राहिली, तिला ओटा मिळाला की चंद्रव्वा सुटायची. मग ती अंगावरच्या चांगल्या कपड्यांनिशी धुळीत जवळजवळ आडवी झाली. "हसा ना मावशी." चंद्रव्वा हसली. "दोन दिवस ओलं राहील, वर काही ठेवू नका," मॅडम म्हणाली, आणि तिला पुढच्या घरी जायची घाई होती. तिनं आपला नंबर दिला, दार ओढून घेतलं. स्कूटरचा आवाज बराच वेळ माळावर ऐकू येत होता, कारण मध्ये दुसरा आवाजच नव्हता.

शुक्रवार पेठेत आवाज नाही अशी वेळ नसे. भिंतीपलीकडं कुणाचा मिक्सर, खाली कुणाची भांडणं, टीव्ही, कुकर, जिन्यावरची पोरं. ती त्या आवाजांना कंटाळलेली होती आणि आता ते नव्हते तर तिचे कान त्यांना शोधत फिरत होते. ती खोलीभर सरकून आली. फरशी गार, गुळगुळीत, कुठं कुणाची चप्पल नाही, पलंगाचा पाय नाही, कुणी ओलांडून जाणारं नाही. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तिला थांबवणारं काही आलं नाही, आणि खोली एवढी मोठी असते याची तिला थोडी धडकीच भरली. तिनं खाली घेतलेला खटका दाबला, दिवा लागला. पुन्हा दाबला, विझला. तिप्पण्णा आता घरी पोचला असेल. राजाबाई कमरेला दुपट्टा आवळून त्या ठेंगण्या ओट्यापुढं उभी असेल. आपण तिथं नाही हे त्यांना कशावरून कळेल, तिनं विचार केला. बहुधा मधल्या दारातून जाताना पाय उगाच उंच उचलला जाईल, त्यावरून.

ऊन उतरलं तेव्हा तिला भुकेची जाणीव झाली. तिनं शेगडी पेटवली, पातेल्यात पाणी ठेवलं. पाणी खळखळायला लागेपर्यंत ती त्याच्याकडं बघत बसली, वरून, वाफ तोंडावर घेत. पीठ परातीत घेतलं, मधे खळगा केला, कडत पाणी ओतलं. बोटांना पोळलं, जाड कातडी मऊ पडली होती की काय कोण जाणे. पहिली भाकरी फाटली. दुसरीला हात आठवायला लागले. तिसरी परातीत फिरली, सुटली, तळहातावरून तव्यावर गेली, आणि थापण्याचा तो आवाज नव्या भिंतींना लागून परत आला, अव्वाच्या हातासारखा, तिच्या हातासारखा. मग ती थांबली नाही. एक तव्यावर, एक आचेला उभी, एक हातात. तिला घाम आला, केस कपाळाला चिकटले, खांदे भरून आले, तिला विलक्षण सुख झालं. भाकरी टम्म फुगत होती आणि ती फडक्यावर टाकत होती, पुढचा गोळा घेत होती, तो संपला की त्याच्या पुढचा.

परात रिकामी झाली तेव्हा तिनं फडक्याकडं पाहिलं. भाकरींची चळत तिच्या गुडघ्याच्या वर आली होती. मैंदर्गीत कळप परतल्यावर लागायची तेवढी. एका माणसाला किती पीठ लागतं हे तिला ठाऊक नव्हतं; तिच्या हातांना ते कधी शिकायलाच मिळालं नव्हतं. तिनं दाराकडं पाहिलं. उघडून बाहेर सरकलं तर कोपऱ्यावरची ती पोरं होती, एखादं कुलूप नसलेलं दार होतं. उद्या जाईन, तिनं ठरवलं, आज उतारावरून अंधारात उतरायचं धैर्य नाही. तिनं वरची भाकरी घेतली, मोडली. कडा कुठंही चिरलेल्या नव्हत्या. पहिला घास तोंडात गेला आणि तिला रडू आलं, मोठ्यानं, कुणाला कळू नये म्हणून दाबायची गरज नसलेलं रडू. तशीच रडत तिनं अर्धी भाकरी खाल्ली, कोरडी, मिठाबरोबर. अर्धीच लागत होती. उरलेल्या फडक्यात नीट गुंडाळून तिनं ओट्यावर ठेवायला उचलल्या, ओलं आहे हे आठवून पुन्हा खाली घेतल्या, आणि ऊब जाईपर्यंत मांडीवर धरून बसली.